मुख्य दाराचे कुलूप आणि गृहविमा : पहिल्यांदाच विमा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

गृहविम्याचा अर्ज भरताना बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपल्याला पाठ असतात. घर किती जुने आहे, खोल्या किती आहेत, त्यात कोण कोण राहते, हे सांगायला विचार करावा लागत नाही. मग मध्येच एक प्रश्न येतो : ‘मुख्य दाराला कोणत्या प्रकारचे कुलूप आहे?’ खाली चार-पाच पर्याय दिलेले असतात. त्यांतला जो ओळखीचा वाटतो तो निवडून आपण पुढे जातो. ज्या कुलपात रोज किल्ली फिरवतो त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, हे त्या क्षणी फारसे जाणवतही नाही.

मीही तसेच केले होते. घराचा ताबा मिळाला तेव्हा ‘पाच लिव्हरचे कुलूप आहे’ (लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतली पितळी पट्टी) असे कोणीतरी म्हटल्याचे आठवत होते, म्हणून अर्जात तसे लिहिले. दोन वर्षांनी किल्ली अडकू लागली आणि कुलूप बदलायला घेतले, तेव्हा दाराच्या कडेवरच्या धातूच्या पट्टीवर तीन लिव्हरचा उल्लेख कोरलेला दिसला. त्या दोन वर्षांत घरात चोरी झाली नाही एवढेच. झाली असती तर दाव्याची छाननी करणाऱ्याने सर्वांत आधी तीच पट्टी पाहिली असती आणि माझ्या सहीखालचे विधान चुकीचे ठरले असते. अर्जातले कुलूप आणि दारावरचे कुलूप एकच असले पाहिजे, आणि ते तसे आहे का याची खात्री अर्ज भरण्याआधी अर्ध्या तासात करून घेता येते. ती कशी करायची, कमी असेल तिथे काय बदलायचे आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : पॉलिसीत कुलपाबद्दल नेमके काय लिहिले आहे ते शोधा

दुकानात जाऊन कुलूप विकत घेण्याआधी पॉलिसीचा मजकूर वाचावा, कारण आपल्याला आवडलेले कुलूप आणि विमा कंपनीला मान्य असलेले कुलूप ही दोन वेगळी असू शकतात. कुलपाचा उल्लेख साधारणपणे तीन जागी सापडतो आणि प्रत्येक जागी त्याचे वजन निराळे असते.

पहिली जागा म्हणजे अर्ज. तिथला प्रश्न माहितीसाठी असतो. तुमच्या उत्तरावरून कंपनी जोखीम मोजते आणि हप्ता ठरवते. दुसरी जागा म्हणजे पॉलिसीच्या परिशिष्टात खास तुमच्या घरासाठी जोडलेली अट. घरात मौल्यवान वस्तू अधिक असतील किंवा परिसरात पूर्वी दावे झाले असतील, तर ‘बाहेरच्या सर्व दारांना अमुक दर्जाचे कुलूप असले पाहिजे आणि घर रिकामे असताना व रात्री झोपताना ते लावलेले असले पाहिजे’ अशा आशयाचे कलम जोडले जाते. या वाक्यात दोन वेगळी बंधने आहेत : कुलूप बसवणे आणि ते लावणे. नवखा माणूस पहिले बंधन वाचतो आणि दुसऱ्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. तिसरी जागा म्हणजे सवलत. चांगल्या कुलपाबद्दल हप्त्यात सूट घेतली असेल, तर ते कुलूप पॉलिसीच्या संपूर्ण काळात टिकवून ठेवण्याचे आश्वासन तुम्ही दिलेले असते.

काही पॉलिसींत यांपैकी काहीच नसते. तिथे फक्त ‘पॉलिसीधारकाने मालमत्तेची वाजवी काळजी घ्यावी’ एवढे सर्वसाधारण कलम आढळते. पण तेवढ्यावरून कुलूप कसेही चालेल असा अर्थ काढू नये, कारण उघड्या दारातून झालेली चोरी वाजवी काळजीच्या कसोटीवर टिकणे कठीण असते.

याच वाचनात आणखी एक शब्दप्रयोग शोधावा : ‘बळजबरीने प्रवेश’. पुष्कळ पॉलिसी घरफोडी आणि साधी चोरी यांत भेद करतात. दार, खिडकी किंवा कुलूप फोडून चोर आत शिरल्याच्या खुणा असतील तर ती घरफोडी. उघड्या दारातून, किंवा कोणाकडे राहिलेल्या जुन्या किल्लीने कोणी आत आले आणि वस्तू घेऊन गेले, तर खुणा काहीच राहत नाहीत, आणि पॉलिसीत फक्त घरफोडीचे संरक्षण असेल तर असा दावा नाकारला जाऊ शकतो. किल्ल्यांचा हिशेब ठेवण्याबद्दल पुढे जे लिहिले आहे त्यामागचे कारण हेच आहे.

चुकीच्या माहितीचा परिणाम किती गंभीर होतो, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. विमा हा परस्पर सद्भावाचा करार आहे, हे तत्त्व इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली एका निकालात मांडले आणि विमेदाराने, म्हणजे विमा घेणाऱ्याने, जोखमीशी संबंधित सर्व माहिती आपणहून सांगावी असा त्याचा अर्थ पुढे दीर्घकाळ लावला गेला. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकाचे हे कर्तव्य ‘विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजीपूर्वक खरे उत्तर देणे’ इतके मर्यादित केले. तिथल्याच २०१५ च्या विमा कायद्यानुसार, पाळली न गेलेली अट प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची जोखीम वाढवूच शकत नव्हती असे विमेदाराने दाखवले, तर त्या अटीचे कारण देऊन कंपनीला जबाबदारी टाळता येत नाही. म्हणजे दाराचे कुलूप कमी दर्जाचे होते म्हणून पाण्याच्या नळीमुळे झालेल्या नुकसानीचा दावा फेटाळता येत नाही. चोरीच्या दाव्यात मात्र तोच मुद्दा नेमका आडवा येतो. आपल्या देशात काय लागू आहे ते पॉलिसीच्या मजकुरातून आणि कंपनीला लेखी विचारून समजून घ्यावे.

दुसरी पायरी : दार उघडा आणि त्याची कड पाहा

कुलपाची ओळख दाराच्या दर्शनी बाजूवरून पटत नाही. ती कडेवरून पटते. दार अर्धे उघडून, बिजागरीच्या विरुद्ध बाजूची जी अरुंद कड चौकटीला टेकते, तिच्यावर उजेड पाडा. तिथे धातूची उभी पट्टी आणि तिच्यातून बाहेर येणारी एक किंवा अनेक खिट्ट्या दिसतील. किल्ली फिरवून कोणती खिट्टी कशी हलते ते पाहा.

खिट्टीचे टोक तिरके असेल, ती आत दाबली असता स्प्रिंगमुळे पुन्हा बाहेर येत असेल आणि दार ओढून घेताच आपोआप अडकत असेल, तर ती लॅच आहे. दाराच्या आतल्या बाजूला पेटीसारखे बसवलेले नाइट लॅच बहुतेकांनी पाहिलेले असते. त्याची सोय मोठी आहे, पण नुसती स्प्रिंगवर टेकलेली तिरकी खिट्टी बाहेरून मागे सरकवता येण्याजोगी असते. म्हणून साधे नाइट लॅच हे मुख्य दाराचे एकमेव कुलूप म्हणून बहुधा स्वीकारले जात नाही. काही सुधारित नाइट लॅचमध्ये दार बंद झाल्यावर खिट्टी आपोआप जखडली जाते किंवा किल्लीच्या एका जादा फेऱ्याने जखडता येते. हा प्रकार वेगळा मानला जातो आणि अर्जातही त्याचा वेगळा पर्याय असू शकतो.

खिट्टी चौकोनी असेल, स्प्रिंगवर न चालता फक्त किल्लीने किंवा आतल्या मुठीने बाहेर येत असेल आणि बाहेर आल्यावर बोटाने दाबून मागे जात नसेल, तर ती डेडबोल्ट, म्हणजे जखडणारी खिट्टी. ज्या कुलपाची पेटी दाराच्या जाडीत खोबण करून बसवलेली असते त्याला मॉर्टिस लॉक म्हणतात. मॉर्टिस लॉक आणि डेडबोल्ट हे शब्द एकमेकांच्या बदल्यात वापरले जातात, पण पहिला शब्द कुलूप कुठे बसवले आहे ते सांगतो आणि दुसरा खिट्टी कशी चालते ते सांगतो. विमा कंपनी ‘मॉर्टिस डेडलॉक’ म्हणते तेव्हा तिला दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात.

आता मॉर्टिस कुलपाच्या आत काय आहे ते. जुन्या पद्धतीच्या लांब दांड्याच्या, टोकाला दाते असलेल्या किल्लीने चालणाऱ्या कुलपात पितळी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या लिव्हर. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली पेटंट घेतलेल्या रचनेत प्रत्येक लिव्हर अगदी नेमक्या उंचीपर्यंत उचलला जावा लागतो, कमी उचलला तरी खिट्टी सरकत नाही आणि जास्त उचलला तरी सरकत नाही. आजची लिव्हरची कुलपे याच तत्त्वावर चालतात. लिव्हर जितके अधिक तितके एकमेकांपासून भिन्न किल्ल्यांचे प्रकार अधिक आणि चुकीच्या किल्लीने कुलूप उघडण्याची शक्यता कमी, म्हणून अर्जांत तीन आणि पाच लिव्हर असा भेद केला जातो. लिव्हरची संख्या बहुधा कडेवरच्या पट्टीवर कोरलेली असते. तिथे काहीच कोरलेले नसेल तर पाच गृहीत धरू नये. कुलूप दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावे.

चपटी, एका बाजूला करवतीसारखे दाते किंवा दोन्ही बाजूंना खळगे असलेली किल्ली असेल तर कुलूप सिलिंडरचे आहे. यात स्प्रिंगवर बसवलेल्या पिनांच्या जोड्या असतात आणि योग्य किल्ली आत गेली की सगळ्या जोड्यांमधील सांधे एका रेषेत येऊन गाभा फिरतो. चपट्या किल्लीने चालणाऱ्या आजच्या सिलिंडरचा आराखडा लायनस येल धाकटे यांच्या १८६० च्या दशकातील अमेरिकी पेटंटांतून आला. दारांवर आज सर्रास दिसणारा, वर गोल आणि खाली निमुळता असा जो प्रकार आहे त्याला युरो सिलिंडर म्हणतात. तो एका आडव्या स्क्रूने कुलपाच्या पेटीत धरलेला असतो आणि नेमक्या त्या स्क्रूच्या जागी त्याचे धातूचे अंग सर्वांत बारीक असते. सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर बराच आलेला असेल तर त्याला पकडून मोडता येते. बाहेर आलेला भाग ३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, अशी शिफारस केली जाते. मोजपट्टी घेऊन हे माप आजच घ्यावे. ही तपासणी अगदी स्वस्त आहे आणि तिच्यातून निघणारा दोष खऱ्या धोक्याचा असतो.

दार ओढून हँडल वर उचलले की कडेवरच्या तीन-चार जागांहून खिट्ट्या किंवा आकडे बाहेर येतात, अशी रचना असेल तर ते मल्टिपॉइंट कुलूप. यात एक फसगत वारंवार होते. हँडल उचलल्यावर दार घट्ट बसते, म्हणून माणसे किल्ली फिरवतच नाहीत. किल्ली फिरवली नाही तोवर तेच हँडल खाली दाबून सगळ्या खिट्ट्या मागे घेता येतात. विम्याच्या दृष्टीने असे दार लावलेलेच नसते.

कडी-कोयंड्यात अडकवायचे सुटे कुलूप बाहेरून लावलेले असेल, तर घरात कोणी नाही ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच सांगते. शिवाय कुलूप कितीही जाड असले तरी कोयंड्याचे स्क्रू उघडे असतील तर त्याची ताकद त्या स्क्रूंइतकीच असते. मुख्य दारासाठी ते जोडीचे कुलूप म्हणून ठेवावे.

तिसरी पायरी : मानकाचा क्रमांक ओळखा

‘मजबूत’, ‘उच्च सुरक्षा’, ‘चोरांपासून संरक्षण’ हे शब्द वेष्टनावर कोणीही छापू शकतो. मानकाचा क्रमांक आणि प्रमाणन संस्थेचे चिन्ह यांची गोष्ट वेगळी असते, कारण त्यामागे ठरावीक चाचण्या असतात. विमा कंपनीने पॉलिसीत क्रमांक दिला असेल तर तोच क्रमांक कुलपावर कोरलेला हवा. ‘त्याच तोडीचे’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

ब्रिटनमधील विमा अर्जांत सर्वाधिक दिसणारा क्रमांक म्हणजे बीएस ३६२१ (बीएस म्हणजे ब्रिटिश मानक). या मानकाच्या कुलपाची खिट्टी किमान २० मिलिमीटर बाहेर यावी लागते, किल्ल्यांचे किमान १,००० भिन्न प्रकार असावे लागतात, आणि ड्रिलने भोक पाडणे, खिट्टी कापणे यांसारख्या हल्ल्यांना कुलपाने विरोध करावा लागतो. ‘पाच लिव्हर’ आणि ‘बीएस ३६२१’ यांना बरेच लोक एकच समजतात, आणि अर्ज भरताना हाच गोंधळ महागात पडतो. बाजारात पाच लिव्हरची अशीही कुलपे आहेत ज्यांनी ही चाचणी दिलेलीच नाही. अर्जात दोन्ही शब्द एकत्र असतील तर दोन्ही गोष्टी पट्टीवर दिसल्या पाहिजेत.

याच कुटुंबातील दोन क्रमांक जाणून घ्यावेत. बीएस ३६२१ चे कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीनेच चालते. बीएस ८६२१ च्या कुलपाला बाहेरून किल्ली लागते, पण आतून किल्लीशिवाय केव्हाही उघडता येते. बीएस १०६२१ च्या कुलपात आतून मूठ असतेच, मात्र घर रिकामे करून जाताना बाहेरून ती निष्क्रिय करता येते. यांपैकी कोणते घ्यावे हा सुटकेच्या वाटेचा प्रश्न आहे आणि त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

सिलिंडरसाठी युरोपीय मानक ईएन १३०३ वापरले जाते. त्याचा दर्जा आठ स्थानांच्या संकेताने सांगितला जातो. सातवे स्थान किल्लीशी संबंधित सुरक्षेचे असून ते १ ते ६ असे चढत जाते. आठवे स्थान हल्ल्याच्या प्रतिकाराचे असते. ब्रिटनमध्ये याखेरीज टीएस ००७ ही ताऱ्यांची पद्धत आहे. तिच्यात पूर्ण दर्जा तीन ताऱ्यांनी मिळतो, आणि तो एका तीन ताऱ्यांच्या सिलिंडरने किंवा एक ताऱ्याचा सिलिंडर व दोन ताऱ्यांचे संरक्षक हँडल अशा जोडीने साधता येतो. अमेरिकी पद्धतीत श्रेणी १, २ आणि ३ असतात, पण तिथे १ ही सर्वोच्च श्रेणी आहे. युरोपीय संकेतात मोठा आकडा चांगला आणि अमेरिकी श्रेणीत लहान आकडा चांगला, ही उलटापालट ध्यानात ठेवली नाही तर परदेशी बनावटीचे कुलूप घेताना सर्वांत दुबळा प्रकार हाती पडू शकतो.

चौथी पायरी : कुलपाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी तपासा

उत्तम कुलूप पोकळ दारात बसवले तर कुलूप शाबूत राहते आणि दार फुटते. मुख्य दाराची फळी भरीव असावी. सुमारे ४४ मिलिमीटर जाडीचे भरीव लाकडी दार मॉर्टिस कुलपासाठी योग्य मानले जाते, कारण पेटी बसवण्यासाठी खोबण केल्यावरही दोन्ही बाजूंना पुरेसे लाकूड शिल्लक राहते. दार संपूर्णच बदलणार असाल तर ईएन १६२७ या मानकाचे आरसी, म्हणजे प्रतिकाराचे, वर्ग विचारावेत. त्यांत दार, चौकट आणि कुलूप यांची एकत्र चाचणी होते. आरसी २ वर्गाच्या दाराने साध्या अवजारांच्या हल्ल्याला ३ मिनिटे आणि आरसी ३ वर्गाच्या दाराने ५ मिनिटे तोंड द्यावे लागते. ही मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. पण एवढा वेळ आवाज करत उभे राहणे चोरालाही परवडत नाही.

मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो तो भाग म्हणजे खिट्टी जिच्यात जाते ती चौकटीवरची पट्टी, जिला स्ट्राइक प्लेट म्हणतात. पुष्कळ घरांत ती दोन आखूड स्क्रूंनी चौकटीच्या वरवरच्या लाकडात धरलेली असते. दाराला जोराची लाथ बसली की कुलूप तुटत नाही, चौकटीचे लाकूड चिरते आणि पट्टीसकट खिट्टी बाहेर येते. सुताराकडून जाड पोलादी पट्टी बसवून घ्यावी आणि सुमारे ७५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू चौकट पार करून मागच्या भक्कम आधारापर्यंत, म्हणजे भिंतीतल्या लाकडी खांबापर्यंत पोहोचवावेत. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर योग्य प्लगसह. कुलूप बदलण्याच्या तुलनेत हे काम किरकोळ आहे आणि दाराची ताकद त्याने लक्षणीय वाढते.

दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर दिसतात. अशा दाराला बिजागरीच्या बाजूने पोलादी खुंट्या बसवून घ्याव्यात. दार बंद असताना त्या चौकटीत शिरलेल्या राहतात, त्यामुळे पिन काढली तरी दार उचलून काढता येत नाही.

दारात किंवा दाराशेजारी काच असेल, किंवा पत्रे टाकण्याची फट असेल, तर हात किंवा तार आत घालून आतली मूठ फिरवता येणार नाही इतके अंतर हवे. पत्रपेटीची फट कुलपापासून किमान ४०० मिलिमीटर दूर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. अंतर कमी असेल तर फटीला आतून झडप बसवावी. दारातले बाहेर पाहण्याचे भिंग आणि साखळी या सोयी तुम्ही घरात असताना उपयोगी पडतात. कुलपाची जागा त्या घेत नाहीत आणि विमा कंपनीही त्यांना कुलूप मानत नाही.

पाचवी पायरी : आगीच्या वेळी बाहेर कसे पडाल ते ठरवा

चोराला रोखणारे दार आगीत सापडलेल्या माणसाला रोखता कामा नये, आणि माझ्या मते या बाबतीत तडजोड करायची वेळ आली तर ती नेहमी माणसाच्या बाजूने करावी. घरात लहान मुले, वृद्ध किंवा हालचालीला अडचण असलेले कोणी असेल, मुख्य दाराशिवाय दुसरी वाट नसेल, किंवा इमारतीतल्या सदनिकेत राहत असाल, तर आतून किल्लीशिवाय उघडणारे कुलूप घ्यावे. पॉलिसीत दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या कुलपाचा क्रमांक दिला असेल तर कंपनीला कारण सांगून पर्यायी क्रमांकाला लेखी मान्यता मागावी. आतून किल्ली लागणारे कुलूप असेलच, तर रात्री किल्ली ठरलेल्या एकाच जागी ठेवावी. ती दारापासून जवळ पण काचेतून किंवा फटीतून हात पोहोचणार नाही अशी असावी, आणि घरातल्या प्रत्येकाला अंधारातही सापडली पाहिजे.

सहावी पायरी : किल्ल्यांचा हिशेब

नव्या घरात राहायला जाताना आधीच्या रहिवाशांनी किती किल्ल्या कोणाला दिल्या होत्या हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून ताबा घेतल्याच्या दिवशीच सिलिंडर बदलावा. लिव्हरचे कुलूप असेल तर संपूर्ण कुलूप बदलावे किंवा जाणकाराकडून आतले लिव्हर बदलून घ्यावेत. युरो सिलिंडर बदलणे सोपे असते : कडेवरचा एक लांब स्क्रू काढायचा, किल्ली थोडी फिरवून सिलिंडर बाहेर ओढायचा आणि त्याच मापाचा नवा आत सरकवायचा. माप मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंना वेगवेगळे घ्यावे, कारण ते बहुधा असमान असते. चुकीच्या मापाचा सिलिंडर पुन्हा बाहेर डोकावू लागतो.

किल्ल्या किती आहेत आणि कोणाकडे आहेत, याची एक छोटी यादी ठेवावी. कुंडीखाली, पायपुसण्याखाली किंवा मीटरच्या पेटीत किल्ली ठेवू नये; त्या किल्लीने कोणी आत आले तर बळजबरीची खूण राहत नाही आणि पहिल्या पायरीत सांगितलेली अडचण उभी राहते. काही पॉलिसींत हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या किल्ल्यांमुळे कुलूप बदलण्याचा खर्च मिळतो. तो मिळावा यासाठी किल्ली हरवल्याचे ताबडतोब कळवणे बहुधा आवश्यक असते.

भाड्याच्या घरात कुलूप घरमालकाचे असते, पण अर्जावरची सही तुमची असते. बदल करण्याआधी घरमालकाची लेखी संमती घ्या. त्याने नकार दिला तर आहे ते कुलूप अर्जात जसेच्या तसे नोंदवा आणि ते कंपनीच्या अटीत बसत नसेल तर तसे आधीच विचारा.

सातवी पायरी : स्मार्ट लॉकचा विचार करत असाल तर

दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एक प्रकार जुन्या सिलिंडरच्या आतल्या बाजूला बसतो आणि मोटरने किल्ली फिरवतो. बाहेरचा सिलिंडर तोच राहतो, त्यामुळे त्याचा दर्जाही तोच राहतो. दुसरा प्रकार संपूर्ण कुलपाची जागा घेतो, आणि त्याच्या यांत्रिक भागाला कोणते मानक आहे हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. दोन्ही बाबतींत बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे. सुरुवातीला मिळालेला सांकेतिक क्रमांक लगेच बदलावा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि बॅटरी संपल्यावर दार कसे उघडते हे प्रत्यक्ष करून पाहावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : ही कुलपे दार कधी, कोणत्या संकेताने उघडले याची नोंद ठेवतात. ती नोंद तुमच्या बाजूचा पुरावा होऊ शकते, तसेच तुम्हीच कोणाला दिलेल्या संकेताने दार उघडल्याचे तिच्यातून सिद्ध होऊ शकते. संकेत वाटताना तो किल्ली देण्याइतकाच विचार करून द्यावा.

आठवी पायरी : अर्ज भरा आणि पुरावा ठेवा

आता अर्जाकडे परत यावे. दाराची कड, पट्टीवरचा मजकूर, सिलिंडरची बाहेरची बाजू, चौकटीवरची पट्टी आणि संपूर्ण दार, अशी छायाचित्रे काढून ती तारखेसह घराबाहेरही उपलब्ध होतील अशा ठिकाणी जपावीत. कुलपाची पावती, वेष्टनावरील मानकाचा क्रमांक आणि बसवणाऱ्याचे बिल त्यांच्यासोबत असावे. अर्जातला कोणताही पर्याय तुमच्या कुलपाशी जुळत नसेल तर जवळचा पर्याय निवडू नका. कंपनीला छायाचित्र पाठवून कोणता पर्याय निवडावा हे विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. दूरध्वनीवर बोलणे झाले तर तारीख, वेळ आणि सांगितलेला मजकूर यांची नोंद करून ती ईमेलने त्यांना पाठवून पुष्टी मागा. मुख्य दाराइतकीच मागच्या दाराची, गच्चीच्या दाराची आणि हाताला येणाऱ्या खिडक्यांची माहिती विचारलेली असू शकते, तिच्यासाठीही हीच रीत ठेवावी.

पॉलिसी मिळाल्यावर परिशिष्टातले कुलपाचे वर्णन तुम्ही लिहिल्याप्रमाणेच आहे ना, हे ताडून पाहा. चूक असेल तर ती पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणे सोपे असते. वर्षभरात कुलूप बदलले, घर काही काळ रिकामे राहणार असले किंवा एखादी खोली भाड्याने दिली, तर ते नूतनीकरणाची वाट न पाहता कळवावे. सलग ३० किंवा ६० दिवसांहून अधिक काळ घर रिकामे राहिल्यास चोरीचे संरक्षण थांबते किंवा जादा अटी लागू होतात, अशी कलमे सामान्य आहेत. नेमका आकडा आपल्या पॉलिसीत पाहावा.

रोजची सवयही अटीचाच भाग आहे. शेजारी दोन मिनिटे जाऊन येताना दार नुसते ओढून घेणे आणि रात्री हँडल उचलून किल्ली न फिरवणे, या दोन सवयी मोडणे घरातल्या सगळ्यांना जमले पाहिजे. ते जमावे म्हणून कुलूप सहज फिरणारे असावे. जड चालणारे कुलूप माणसे लावायचे टाळतात. वर्षातून एकदोनदा ग्रॅफाइटची भुकटी किंवा कुलपांसाठीचे कोरडे वंगण वापरावे; साध्या तेलाने सिलिंडरमध्ये धूळ चिकटून बसते. दार चौकटीला घासत असेल तर कुलपावर जोर न देता बिजागऱ्या सरळ करून घ्याव्यात.

नववी पायरी : घरफोडी झालीच तर

आत कोणी असण्याची शंका असेल तर घरात पाऊल टाकू नका. बाहेरूनच पोलिसांना कळवा. त्यांची पाहणी होईपर्यंत दार, कुलूप आणि चौकट यांना हात लावू नका. मग दाराची आणि विशेषतः फोडलेल्या जागेची जवळून छायाचित्रे घ्या, तक्रारीचा क्रमांक नोंदवून घ्या आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कंपनीला कळवा. दार लगेच सुरक्षित करणे गरजेचेच असते आणि त्याचा वाजवी खर्च अनेक पॉलिसींत मिळतो, मात्र तात्पुरत्या दुरुस्तीचे बिल वेगळे मागून घ्यावे आणि कायमची दुरुस्ती कंपनीने नेमलेल्या सर्वेक्षकाने पाहणी केल्यावर किंवा कंपनीने परवानगी दिल्यावर करावी.

दुरुस्ती करणारा कारागीर मोडलेले कुलूप आणि वाकलेली पट्टी बहुधा भंगारात टाकण्यासाठी घेऊन जातो. ती त्याला देऊ नका. कुलूप कोणत्या दर्जाचे होते आणि ते लावलेले असताना फोडले गेले, या दोन्ही गोष्टी बाहेर आलेल्या वाकड्या खिट्टीइतक्या स्पष्टपणे दुसरे काहीच सांगू शकत नाही. सगळे तुकडे एका पिशवीत घालून वर तारीख लिहावी आणि दावा पूर्णपणे निकाली निघाल्याचे लेखी पत्र हाती येईपर्यंत ती पिशवी सांभाळून ठेवावी.